आईचा उरलेला शब्द

मनीच्या आईच्या मेंदूत डाव्या बाजूला एक गुठळी अडकली आणि जन्मभर साठवलेले शब्द एका सकाळी तिच्या हातून सांडले. उरला फक्त एक: आमेन.

आई कपडे शिवायची. तोंडात टाचण्या धरूनही तिची टकळी चालू असे. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता ती त्याच्या दाढदुखीची, सुनेची आणि घरमालकाची चौकशी करून मोकळी व्हायची. अशा बाईजवळ एकच शब्द राहावा, आणि तोही प्रार्थनेच्या शेवटचा, याचं कुणाला हसू येईल, कुणाला रडू. मावशीला दोन्ही एकदमच यायचं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आईला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी ती एक पिशवी घेऊन मदतीला आली आणि राहिलीच.

"मीठ कमी आहे का विचारलं तरी आमेन, जास्त आहे का विचारलं तरी आमेन," ती मनीला सांगायची. "एवढा मान मला माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात दिला नाही."

आईच्या उपचारासाठी आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. गेलेलं बोलणं परत आणायचं हे त्यांचं काम. मावशीने त्यांचं नाव बोलक्या बाई ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मनीला समोर बसवून समजावलं.

"तुमच्या आईला समजतं सगळं. अगदी तुमच्या-माझ्याइतकं. नुसते शब्द सापडत नाहीत. असं झालं की एखादा शब्द मागे राहतो, बहुतेक फार वापरलेला. कुणाचा 'अगं बाई' राहतो, कुणाची शिवी राहते."

"शिवी राहिली असती तर निदान बिलं घेऊन येणाऱ्यांसाठी उपयोग झाला असता," मावशी म्हणाली.

"हसू नका. हा शब्द म्हणजे दोऱ्याचं टोक आहे. ते हातात आहे तोवर बाकीचा दोरा ओढून काढता येईल."

आणि आईने ते टोक खरंच घट्ट धरलं होतं. पाणी हवं असलं की तिचं आमेन लांबायचं. मावशीने उशी चुकीची लावली की ते तुटक व्हायचं. मनी कामावरून आली की त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लागायचं: जेवलीस का, दमलीस का, एवढा उशीर का, सगळं त्या एकात. मनीला ही गंमत मनापासून वाटायची. एकच शब्द आणि इतके सूर! पहिले काही दिवस तिने ते मनातल्या मनात वर्गवार लावूनही पाहिले. सवय होती ती तिची. लहानपणी प्रत्येक डब्यात नाक खुपसायची म्हणून तर तिचं नाव मनी पडलं होतं.

फक्त घरात पाहुणे असले की तो शब्द तिला नकोसा व्हायचा.

त्याचं कारण असं की मनीने स्वतः तो कित्येक वर्षांत म्हटला नव्हता. लोकांना वाटायचं, पोरगी विज्ञान शिकली, बुद्धीला पटेना, म्हणून देवाधर्मातून उठली. मनीही तसंच वाटू द्यायची. त्यात एक रुबाब होता. खरी हकिकत इतकी किरकोळ होती की ती सांगायची लाज वाटावी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी परीक्षेमुळे एका रविवारची उपासना चुकली, मग परीक्षा नसतानाही चुकू लागली. वसतिगृहातल्या खोलीत जेवणाआधी डोळे मिटले की समोरची हुशार मैत्रीण चमचा हातात धरून थांबायची, कौतुकाने बघायची. त्या कौतुकाला भिऊन मनी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करू लागली, मग नुसती थांबू लागली आणि मग थांबेनाशीही झाली. देव नाही असं तिने कधी सिद्ध केलं नव्हतं. तिने तो प्रश्नच हाती घेतला नव्हता. चारचौघांत वेगळं दिसू नये एवढ्यासाठी सोडून दिलं, आणि पुढे विज्ञानाचं नाव केलं.

मनी नोकरी करायची ती तराजू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. औषधांच्या कारखान्यांतले, सोनारांकडचे, दवाखान्यांतले नाजूक तराजू तिथे यायचे. काचेच्या पेटीत ठेवलेली प्रमाण वजनं चिमट्याने उचलून त्यांच्यावर ठेवायची आणि तराजू किती खरं बोलतो ते बघायचं. वजनाला बोट लावायचं नाही. बोटाचा घामही वजनात धरला जातो. तराजूवर वाकून श्वास सोडायचा नाही. मनीचा हात या कामात इतका स्थिर होता की प्रमुख नवीन लोकांना तिच्या शेजारी उभं करत.

तेच प्रमुख एका शनिवारी आईला बघायला घरी आले. मोठा दिलदार माणूस. फळांची पिशवी, घरभर ऐकू जाईल असा आवाज आणि आजाऱ्याला हसवायचंच असा निश्चय.

"काय ताई, बरं वाटतंय ना?"

"आमेन," आई म्हणाली.

ते थोडे बावरले. प्रार्थना चालू असताना आलो की काय, असं वाटून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"लवकर बऱ्या व्हा बघू."

"आमेन."

"तुमची मुलगी म्हणजे आमच्याकडचं सोनं आहे हो."

"आमेन!" आई जोरात म्हणाली. तिचा चेहरा उजळला. अर्धा उजळला, उजवी बाजू अजून मागे राहायची.

"अरे वा! हे म्हणजे शिक्कामोर्तबच झालं!" प्रमुख खदखदून हसले. मग दाराशी गेल्यावर, आवाज खाली आणल्यासारखं करून त्यांनी मनीला विचारलं, "तुम्ही मंडळी फार धार्मिक का गं?"

दार ते पलंग हे अंतर म्हणजे एक खुर्ची आणि शिलाई मशीन.

"आई आहे, सर. मी नाही," मनी म्हणाली. कान तापले होते तिचे, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती भराभर बोलत सुटली. "आणि ते काही खरं आमेन नाही हो. अर्थ नसतो त्याला. टेप अडकते ना, तसं. काहीही विचारा." आणि मग, प्रमुख अजून हसायच्या तयारीत उभे आहेत हे बघून, तिने मान जराशी वाकडी केली, ओठाची एक बाजू खाली पाडली आणि आईच्या सुरात म्हणाली, "आऽमेन."

हुबेहूब झालं. प्रमुख हसले. मनीही हसली.

कित्येक वर्षांनी तिच्या तोंडून तो शब्द निघाला, तो असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने विचारलं, "ताई, चहा?" आईने मान हलवली. दुपारी उशी वाकडी लागली, तर तिने डाव्या हाताने स्वतःच सरळ केली. संध्याकाळी मनी पलंगाशी उभी राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं, हसली आणि काही बोलली नाही.

"संपले वाटतं आजचे आमेन," मावशी म्हणाली, पण त्यात नेहमीची मजा नव्हती.

पुढच्या खेपेला बोलक्या बाईंनी सगळे उपाय करून पाहिले. चित्रं दाखवली, गाणं लावलं, मुद्दाम चुकीचं बोलून पाहिलं. आई मान डोलवायची, बोट दाखवायची. तोंड मिटलेलं.

"मला हे ठीक दिसत नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा झटका आला असेल तर लगेच कळायला हवं."

मग दवाखाना, पुन्हा मेंदूचे फोटो काढणारं ते मोठं यंत्र, पुन्हा बाकावर बसून वाट बघणं. त्या बाकावर बसल्या बसल्या मनीच्या मनात एक विचार आला आणि ती त्याला बाजूला सारू शकली नाही. नवीन गुठळी सापडली तर बरं होईल. लहानशी. सापडली तर आईचं बोलणं गुठळीने बंद केलं, मनीने नाही.

डॉक्टर हसतच बाहेर आले. नवीन काही नाही, उलट सुधारणा आहे म्हणाले. मावशीने हात जोडले, डोळे पुसले. मनीला जे वाटलं ते आनंदाचं नव्हतं, हे तिला पक्कं कळलं. असली मुलगी आपण आहोत हे तिला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"घरात काही झालं का? भांडण, वाईट बातमी?" बोलक्या बाईंनी नंतर विचारलं.

"नाही," मनी म्हणाली. "काहीच नाही."

"मग त्यांना त्या शब्दाच्या जागी परत न्या. प्रार्थनेत येतो ना तो? प्रार्थना करा. तोंड असंच मिटून राहिलं तर पुढे उघडणं अवघड होतं, एवढं लक्षात ठेवा."

प्रार्थना मावशी रोजच करायची. आईचा डावा हात तिच्या हातात असायचा, डोळे मिटलेले असायचे. मावशीचं आमेन व्हायचं आणि पुढे नुसती शांतता. मग चर्चचे पाळक आले. आईने त्यांच्या मुलांचे कपडे वर्षानुवर्षं शिवले होते. त्यांनी मन लावून लांबलचक प्रार्थना केली. आईच्या डोळ्यांना पाणी आलं, ओठ हलले नाहीत. जाताना पाळक मनीला एवढंच म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी दिसलीस." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मनीला उत्तर देता आलं असतं.

त्यानंतर मनीने तिला जमतं तसा विचार केला. जागा तीच, वेळ तीच, प्रार्थना तीच. आता बदलून बघायची राहिली होती फक्त करणारी. म्हणजे आई आपल्यासाठीच अडून बसली आहे. आपल्याकडूनच तिला प्रार्थना हवी आहे, ही शिक्षा आहे आणि ती भोगून टाकली की झालं. संध्याकाळी ती पलंगाशी बसली, डोळे मिटले आणि लहानपणी पाठ केलेली प्रभूची प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. एकही शब्द चुकला नाही. शेवटी ती थांबली, आईला जागा करून दिली आणि वाट पाहिली. काही ऐकू आलं नाही म्हणून तिने डोळे उघडले.

आई तिच्याकडेच बघत होती. राग नव्हता त्या बघण्यात. शिकाऊ मुलीने वाकडी शिवण घातली की आई अशीच बघायची, आणि काही न बोलता उसवायला कात्री पुढे करायची.

मनी उठून स्वयंपाकघरात गेली. मावशी भांडी पुसत होती.

"मावशी, मला तुला काहीतरी सांगायचंय. ते सर आले होते ना, तेव्हा मी दाराशी..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी इथे चहाचे कप विसळत होते. बहिरी झालेली नव्हते." मावशीने हातातलं भांडं जागेवर ठेवलं. "नक्कल तर काय केलीस! मला क्षणभर वाटलं, ताईच बोलली."

मनीने खाली बघितलं. "मग तू मला बोलली का नाहीस? चांगल्या दोन थोबाडीत द्यायच्यास."

"द्यायलाच निघाले होते. हात ओलेच होते. खोलीत आले तर तू त्यांना सोडायला खाली गेलेलीस, आणि तुझ्या आईने मला हे केलं." मावशीने ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "असं. दोनदा. तुला काही बोलायचं नाही म्हणून."

"म्हणजे मला शिक्षा तिला स्वतःच द्यायची होती. गप्प बसून."

"कसली शिक्षा?" मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "एवढी शिकलीस गं तू! अगं, ती तुझ्यावर रागावून गप्प नाही. ती बोलली की चारचौघांत तुला लाज वाटते, हे तिने त्या दिवशी पाहिलं. म्हणून सोडलं तिने बोलणं. दुसरं काय होतं तिच्याजवळ तुला द्यायला?"

मनी तिथेच, ओट्याला टेकून उभी राहिली. सगळं मोजून झालं होतं आणि मोजताना तिने मुळात अधिक-उण्याची खूणच उलटी धरली होती. आई काही मागत नव्हती. आई देत होती. जवळ होता नव्हता तो एक शब्द, लेकीची मान खाली जाऊ नये म्हणून गिळून बसली होती, आणि लेक तिकडे गुठळीची वाट बघत होती.

"जा," मावशी म्हणाली. "इथे रडून माझा ओटा ओला करू नकोस."

मनी खोलीत आली. संध्याकाळचा उजेड अजून पलंगावर होता. ती आईच्या डाव्या बाजूला बसली, हात धरला आणि म्हणाली, "आई, मी तुझी नक्कल केली. मला माफ कर."

आईने तिचा हात थोपटला, जसं काही मनीचंच काहीतरी दुखत होतं. झालं गेलं, असं ते थोपटणं होतं. तोंड मिटलेलंच राहिलं. आईने माफ करून टाकलं होतं, कधीच, त्या दिवशी दाराकडे बघतानाच. त्यामुळे मनीला आणखीच उघडं पडल्यासारखं झालं. आईपाशी फेडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि तरीही छातीवरचं ओझं जागचं हललं नाही, तेव्हा तिला कळलं की ते दुसऱ्याच कुणापुढे ठेवायचं आहे.

तिने डोळे मिटले. या वेळी पाठ असलेलं काही तोंडात येईना.

"देवा," ती म्हणाली आणि अडली. इतकी अवघडली की हसूच यायचं बाकी राहिलं. "तू ऐकतोस का, मला माहीत नाही. आई म्हणते ऐकतोस. म्हणजे म्हणायची. मी तुझ्याशी भांडून गेले नाही, मी नुसती गेले. लोक बघतात म्हणून. आणि नंतर सांगत सुटले की मला पटत नाही. मी कधी तपासूनसुद्धा पाहिलं नाही. मी सगळ्या जगाचे तराजू तपासते. आणि त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, मी नाही, आई आहे. आणि ते हसावेत म्हणून तुझा शब्द, तिचा शब्द, मी तोंड वाकडं करून... आणि बोलक्या बाईंना सांगितलं काही झालं नाही. आणि दवाखान्यात मला वाटलं, हिच्या डोक्यात आणखी एक गुठळी निघू दे, म्हणजे माझ्यावर येणार नाही, मी ते मागितलंच जवळजवळ, तुझ्याकडे नाही, कुणाकडे ते माहीत नाही, पण मला तसं वाटलं, आणि नाही निघाली तेव्हा मला आनंद झाला नाही, आणि..."

"हळू," आई म्हणाली.

मनीने डोळे उघडले.

आईचे डोळे मिटलेले होते. कपाळावर आठी होती, पूर्वी मशीनवर कठीण कापड असलं की पडायची तशी. ओठ पुन्हा शब्द जमवत होते. "ह... हळू."

नवा शब्द. इतक्या दिवसांनी आमेन सोडून दुसरा. मनीच्या अंगातून शिरशिरी गेली. मावशीला हाक मारावी, बोलक्या बाईंना फोन लावावा, वेळ लिहून ठेवावी, सगळं एकदम सुचलं. ती अर्धी उठलीही. पण आईने हात सोडला नव्हता. आणि आईने तो शब्द शोधून काढला होता तो त्यासाठी नव्हे. मनी जे सर्वांत भराभर बोलून पुढे पळत होती, ते आईला नीट ऐकायचं होतं. स्वतःच्या डोक्यातल्या गुठळीबद्दलचं.

मनी खाली बसली. पुन्हा डोळे मिटले.

"दवाखान्यात," ती हळू म्हणाली, "बाकावर बसून, मला वाटलं की आईच्या डोक्यात आणखी एक गुठळी सापडावी."

एवढं वाक्य संथपणे म्हणायला फार वेळ लागला. ते म्हणताना आपलीच आई आपला हात धरून बसली आहे, आणि सोडत नाही, आणि जो कोणी ऐकत असेल त्यानेही उठून दार लावून घेतलेलं नाही, हे तिला जाणवलं. याहून जास्त काही जाणवलं असं ती पुढे कधी कुणाला सांगणार नव्हती. तेवढीच तिची नोंद होती. मग उरलेलंही तिने सांगितलं, एकेक, आईच्या चालीने. शेवट कुठे करावा ते कळेना, तेव्हा ती थांबली. आई थांबली. दाराशी मावशी केव्हाची उभी होती, तीही थांबली. आमेन म्हणायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं ते कुणीच नंतर नक्की सांगू शकलं नाही. मावशीचं म्हणणं, मनीचा आवाज सर्वांत बेसूर होता, म्हणून तोच ओळखू आला.

सोमवारी प्रयोगशाळेत प्रमुख तिच्या खोलीत डोकावले. "काय, आई कशा आहेत? ते आमेन चालू आहे ना?"

मनीने चिमटा खाली ठेवला. रविवारभर तिने वाक्यं जुळवली होती.

"चालू आहे, सर. दुसरेही एक-दोन शब्द येताहेत. सर, तुम्ही घरी आला होतात तेव्हा मी आईची नक्कल केली होती. ते मी करायला नको होतं. आणि तो शब्द टेप नाही. तिला त्याचा अर्थ कळतो."

"नक्कल?" प्रमुखांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कधी? मला तर आठवतही नाही बुवा."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मनी बघत राहिली. ज्यांच्यासाठी तिने ते केलं, त्यांनी ते जिन्यावरच टाकून दिलं होतं.

"असो, चालायचंच," ते म्हणाले. "बरं, ऐक. औषधवाल्यांचे तराजू रविवारी उतरवून घ्यायचेत. येशील ना?"

"रविवारी मी चर्चला जाते, सर."

वाक्य तोंडातून गेलं आणि मनीचे कान तापले. ते खरं नव्हतं. कालच्या रविवारीही ती गेली नव्हती. पाळक भेटतील, ओळखीच्या बाया हात धरतील, या धास्तीने घरीच बसली होती. प्रमुख दारात उभे होते, भुवया वर करून. बाहेरच्या दोघी मुलींनीही माना वळवल्या होत्या.

"जाते म्हणजे, पूर्वी जायचे," ती म्हणाली. "मग सोडलं होतं. या रविवारी परत जाणार आहे. आईला घेऊन."

"बरं, मग सोमवारी ये लवकर," प्रमुख म्हणाले आणि निघून गेले.

मुली अजून बघत होत्या. मनीचा चेहरा लालबुंद झाला होता आणि हातही जरा थरथरत होता, म्हणून तिने तो स्थिर होईपर्यंत वजनाला हात लावला नाही.